सात दिवसांचं बिनचूक वेळापत्रक

सत्तेचाळीस वर्ग, त्र्याहत्तर शिक्षक आणि एकच प्रयोगशाळा असलेल्या शाळेचं वेळापत्रक जो माणूस बनवतो, तो थोडा चक्रम असावाच लागतो. रकानेसर होते. रकाने हे त्यांचं आडनाव नव्हे, पोरांनी ठेवलेलं नाव. ते इतकं चिकटलं की एका नव्या कारकुनाने ओळखपत्रावर तेच छापलं आणि सरांनी ते वर्षभर गळ्यात घालून मिरवलं.

बावीस वर्षांत त्यांच्या वेळापत्रकात एकही क्लॅश झाला नव्हता. क्लॅश म्हणजे एकाच वेळी एकाच खोलीच्या दारात दोन वर्ग येऊन उभे राहणं. इतर शाळांमध्ये असं होतं, लोक हसतात, एक वर्ग मैदानावर जातो आणि विषय संपतो. सरांच्या शाळेत झालं असतं तर सरांनी राजीनामाच दिला असता. आणि क्लॅशच्या खालोखाल त्यांना वावडं होतं ऑफ तासाचं. शिक्षक नाही म्हणून वर्ग मोकळा बसलाय, ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही. भूमितीचे शिक्षक पाय मुरगळून घरी बसले, तेव्हा सरांनी त्यांच्या वर्गावर शाळेच्या माळ्याला पाठवलं होतं. माळ्याने पोरांना गुलाबाचं कलम कसं बांधायचं ते शिकवलं. सरांच्या दप्तरी तो भूमितीचा तास झाला.

अशा माणसाच्या हातात जहाजाच्या सहलीचा कार्यक्रम द्यायलाच नको होता. पण तो दिला गेला, आणि देणारी त्यांची बायकोच होती.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. लेक सतरा वर्षांची, तिला दूरच्या शहरात कॉलेजला प्रवेश मिळाला होता. सुट्टी संपली की दहा दिवसांत ती जाणार होती. एका संध्याकाळी बायको स्वतःचा चष्मा पुसत म्हणाली, "ती जायच्या आधी कुठेतरी जाऊ या. सात दिवस, आपण पाच जण, एकत्र. बाकी काही नको मला."

पाच जण म्हणजे हे दोघं, लेक, आठ वर्षांचा धाकटा आणि बायकोची आई. या बाईंनी तेहतीस वर्षं इस्पितळात काढली होती, शेवटची बारा मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी घरात, दारात, नातेवाइकांत त्या मेट्रनच होत्या. त्यांच्यासमोर शिंकायलाही लोक बिचकायचे, कारण त्या लगेच जीभ दाखवायला लावत.

सर माहितीपुस्तक घेऊन आले. 'लहानांना, किशोरांना, मोठ्यांना: प्रत्येकासाठी काहीतरी!' मुखपृष्ठावर एक कुटुंब डेकवर उभं राहून समुद्राकडे बघत खो खो हसत होतं. समुद्राने काय विनोद केला होता देव जाणे. आत मात्र ते कुटुंब पुन्हा कुठे दिसलं नाही. चौथ्या पानावर पोरं घसरगुंडीवर, नवव्या पानावर किशोरवयीन मंडळी अंधाऱ्या खोलीत, चौदाव्या पानावर आईबाप थंड पेले घेऊन आरामखुर्चीत आणि एकविसाव्या पानावर म्हातारी माणसं पत्ते खेळत. बायकोने पुस्तक दोनदा चाळलं आणि खाली ठेवलं. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मागचं पान उघडलं होतं, जिथे सात दिवसांचे दोनशे चौदा कार्यक्रम वेळेसकट छापले होते.

"दोनशे चौदा!" सर म्हणाले. "आणि सगळं तिकिटातच."

त्या रात्रीपासून सर कामाला लागले. तीन आठवडे खपले. पाच रंग, पाच माणसं, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. धाकट्याला चाचेगिरीचं प्रशिक्षण, लेकीला किशोरांचा क्लब, बायकोला श्वासाचा योग, मेट्रनना तंबोला. मोकळा चौकोन दिसला की सर तिथे काहीतरी टाकत. टॉवेलचे प्राणी करायला शिका. टाका. बर्फाची शिल्पं बघा. टाका.

आता खरं सांगायचं तर यात नुसता चक्रमपणा नव्हता. लेक जाणार म्हटल्यापासून सरांच्या छातीत काहीतरी अडकून बसलं होतं. घरात पाच मिनिटं शांतता झाली की तो विषय निघेल असं त्यांना वाटायचं, आणि निघाला तर काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून शांतता होणार नाही याची त्यांनी व्यवस्था केली. मोकळा तास नको, म्हणजे त्यात ते बोलणं नको. हे त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत दिली, प्लॅस्टिकचं आवरण घातलेली, गळ्यात अडकवायला दोरीसकट.

"एकही क्लॅश नाही," ते म्हणाले.

बायकोने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "हं."

वीस वर्षांच्या संसारात सरांनी पुष्कळ प्रकारचे 'हं' ऐकले होते. हा त्यांनी कौतुकात धरला.

जहाज म्हणजे बारा मजली इमारत कुणीतरी पाण्यात ढकलून दिलेली. दारातच एक मुलगी उभी होती, छातीवर बिल्ला: आनंद अधिकारी. तिने सगळ्यांच्या तळहातावर जंतुनाशकाचा थेंब टाकला आणि मनगटावर पट्टे बांधले. लहानांना पिवळा, किशोरांना हिरवा, मोठ्यांना निळा, साठीच्या पुढे चंदेरी. पट्टा दाखवला की आपापलं दार उघडतं, दुसऱ्याचं उघडत नाही.

"म्हणजे मी हिच्याकडे जाऊ शकत नाही?" धाकट्याने ताईकडे बोट दाखवून विचारलं.

"तुला जावंसं वाटणारच नाही!" आनंद अधिकारी म्हणाली. हे बोलताना ती इतकी हसत होती की मेट्रननी तिला जबडा दुखतो का विचारलं. दुखत होता.

सरांना मात्र हे पट्टे फार आवडले. जी शिस्त शाळेत आणायला त्यांना बावीस वर्षं लागली, ती इथे एका पट्ट्यात होती. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं घालून डेकवर उभं केलं. पाचही जण अर्धा तास शेजारी शेजारी उभे होते. मग भोंगा झाला आणि जो तो आपल्या पहिल्या तासाला गेला.

पुढचे दिवस झकास चालले, म्हणजे वेळेवर चालले. चौथ्या मजल्यावर पिवळ्या पट्ट्यांच्या मुलांना सकाळी चाचे बनवत, दुपारी शास्त्रज्ञ आणि संध्याकाळी पुन्हा चाचे, कारण शास्त्रज्ञाचे पोशाख कमी होते. तिथे रडायला बंदी नव्हती, पण रडणाऱ्याच्या हातात लगेच आइस्क्रीम यायचं. त्यामुळे चार दिवसांत निम्मी पोरं रडायला शिकली. अकराव्या मजल्यावर हिरव्या पट्ट्यांचा क्लब. 'इथे तुम्ही खरे तुम्ही असता,' अशी दारावर पाटी, आणि आत तीस खरे तुम्ही एकमेकांकडे न बघता फोनमध्ये तोंड खुपसून बसलेले. जहाजावर नेट महाग होतं, म्हणून ते जुनेच फोटो पुन्हा पुन्हा बघत.

निळ्या पट्ट्यांसाठी शांत डेक होता. 'मुलांपासून हक्काची विश्रांती.' तिथल्या आरामखुर्च्यांवर आईबाप पडून एकमेकांना आपल्या मुलांचे फोटो दाखवत. चंदेरी पट्ट्यांना तंबोला, पत्ते आणि गुडघ्यांवरचं व्याख्यान होतं. मेट्रननी व्याख्यात्याला मध्येच थांबवून पुढचं व्याख्यान स्वतःच दिलं.

जेवणालाही रकाने. पोरं चाच्यांबरोबर साडेसहाला जेवत, लेक क्लबच्या खिडकीतून पिझ्झा घेई, मेट्रनना पहिली पंगत मानवायची आणि नवराबायकोला दुसरी. दुसऱ्या पंगतीलाही बायकोचा श्वास लांबला की सर एकटेच सूप पीत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये अचानक चौघं भेटले. सरांना कोण आनंद झाला. "वा! सगळे वेळेवर!" ते म्हणाले. चौथ्या मजल्यावर धाकटा उतरला, सातव्यावर बायको, अकराव्यावर लेक. धाकट्याने दार बंद होईपर्यंत हात हलवला होता.

सरांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं. रोज चार वाजता ते 'जहाज कसं चालतं' या व्याख्यानाला जात. एक जहाजी अधिकारी तिथे पहाऱ्याच्या पाळ्या समजावून सांगायचा: चार तास काम, आठ तास विश्रांती, कुणाचीही पाळी कुणावर पडत नाही. सर पहिल्या रांगेत बसून टिपणं काढत. श्रोते बहुधा तिघंच असायचे, त्यातला एक झोपलेला.

रात्री ते सगळ्यांचा आढावा घेत.

"चारचा तास कसा झाला?"

"छान," लेक म्हणायची.

"छान," बायको म्हणायची.

"बरा होता," मेट्रन म्हणायच्या.

धाकटा नुसतीच मान हलवायचा आणि ताईकडे बघायचा. सरांना वाटलं, किती गुणी पोरं आहेत आपली. तिसऱ्या दिवसापासून तर त्यांचे शर्ट धुऊन, घडी घालून खोलीत येऊ लागले. या कंपनीची सेवा वाखाणण्यासारखी आहे, असं त्यांनी अभिप्रायाच्या वहीत सविस्तर लिहिलं.

आणि मग सहाव्या दिवशी नेमकं फोटोपाशी घोडं अडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजातून उतरायचं होतं. दुपारी पावणेचारच्या सुमाराला जिन्याजवळच्या फोटोवाल्याने सरांना गाठलं. त्याच्यामागे सोनेरी चौकटीत हसरी कुटुंबं टांगलेली होती.

"सर, कुटुंबाचा एक फोटो? तिकिटातच आहे."

या शब्दांनी सर नेहमीच विरघळायचे. "पाच जण आहोत," असं म्हणत त्यांनी गळ्यातलं वेळापत्रक हातात घेतलं. "तुम्हाला सोयीची वेळ सांगतो."

चारचा चौकोन बघितला. पाचचा बघितला. सहाला धाकटा चाचा होता, सातला बायको श्वासात होती, आठला मेट्रनचा अंतिम तंबोला होता. मग सहज म्हणून त्यांनी आदल्या दिवसावर बोट फिरवलं. मग त्याच्या आदल्या. मग पहिल्या दिवसापासून पुन्हा. बोट खाली सरकत गेलं तसतसा सरांचा चेहरा उतरत गेला. पाचही रंग एका ओळीत एका जागी असतील, अशी जागा त्या अख्ख्या कागदावर नव्हती.

ती चूक नव्हती, हीच तर गंमत होती. एका खोलीत दोन वर्ग येऊ नयेत म्हणून ज्या हाताने बावीस वर्षं रकाने भरले, त्याच हाताने त्यांनी स्वतःचं घर भरलं होतं. पाच माणसं म्हणजे पाच वर्ग. एक आला की दुसरा बाहेर. बायकोने एकच गोष्ट मागितली होती, आणि नेमकी तीच होऊ नये अशी त्यांनी तीन आठवडे खपून चोख व्यवस्था केली होती. सरांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"काळजी करू नका, सर," फोटोवाला म्हणाला. त्याला हा चेहरा ओळखीचा असावा. "बहुतेकांचं असंच होतं. एकेकाला पाठवा. मी वेगवेगळे काढतो आणि नंतर जोडतो. मागे सूर्यास्त टाकू. खांद्यावर हात ठेवल्यासारखेही करता येतात." त्याने भिंतीवरच्या एका भरगच्च कुटुंबाकडे बोट केलं. "हे बघा. यातले आजोबा तर जहाजावर आलेच नव्हते."

आजोबा छान हसत होते. क्षणभर, अगदी क्षणभरच, सरांना मोह झाला. वेळ वाचेल, क्लॅश होणार नाही, घरी भिंतीवर पुरावा टांगता येईल. मग त्यांची त्यांनाच शिसारी आली आणि ते तडक निघाले.

चार वाजले होते. अधिकाऱ्याच्या व्याख्यानाला आज दोनच श्रोते असणार होते, त्यातला एक झोपलेला. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी तास बुडवला.

आधी ते चौथ्या मजल्यावर गेले. दारात चाच्यांचा सरदार उभा होता, एका डोळ्यावर पट्टी, हातात हजेरीची पाटी.

"तो? तो चारला कधीच नसतो," सरदार म्हणाला. "आई घेऊन जाते रोज. दाढ दुखते ना त्याची."

दाढ? सरांना काही माहीत नव्हतं. ते सातव्या मजल्यावर योगाच्या खोलीत गेले. बारा बायका डोळे मिटून श्वास घेत होत्या, तेरावी चटई रिकामी होती.

"मुलगी कशी आहे हो आता?" योग शिकवणाऱ्या बाईंनी हळू आवाजात विचारलं. "तिला सारखी मळमळ होते, असं तुमच्या मिसेस म्हणाल्या. जहाज लागलंय बहुतेक."

सर जिने चढत अकराव्या मजल्यावर आले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर उरला नव्हता. क्लबच्या दारावर 'मोठ्यांनी वाजवू नये' अशी पाटी होती. सरांनी वाजवलं. एका लांबड्या पोराने फटीतून डोकं बाहेर काढलं.

"ती चारला जाते, काका. आजीचं ब्लडप्रेशर बघायला."

आता सरांची पाचावर धारण बसली. मुलाची दाढ, मुलीला मळमळ, सासूबाईंचं ब्लडप्रेशर. इतकं सगळं घडतंय आणि आपल्याला पत्ताच नाही! ते धापा टाकत तंबोल्याच्या दालनात शिरले. मेट्रनची खुर्ची रिकामी होती. आकडे पुकारणारा माणूस सरांना पाहून चमकला.

"अरे, तुम्ही हिंडताय? मेट्रनबाई तर म्हणाल्या जावयांना रोज चारला चक्कर येते. बघायला जावं लागतं."

सर उभ्या जागी थांबले. दाढ, मळमळ, ब्लडप्रेशर, चक्कर. ही यादी त्यांच्या ओळखीची होती. बावीस वर्षं ही कारणं त्यांनी चिठ्ठ्यांवर वाचली होती, लाल शाईने खोडली होती, पोरांना कान धरून वर्गात बसवलं होतं. घरातल्या घरात चौघांनी, सासूबाईंसकट, रोज चारचा तास दांडी मारून बुडवला होता.

"जाताना पावडरीचं पाकीट नेतात," माणसाने माहिती पुरवली. "कपड्यांच्या. तिसऱ्या मजल्यावर टोकाला खोली आहे ना."

तिसऱ्या मजल्यावर बोळाच्या शेवटी गालिचा संपतो आणि साधी फरशी लागते. तिथे ना पोस्टर, ना संगीत, ना आनंद अधिकारी. प्रवाशांनी स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे असतील तर एक खोली होती, एवढंच. दाराला पट्टा दाखवायची सोयही नव्हती. कुणीही यावं, जावं. दोनशे चौदा कार्यक्रमांत तिचं नाव नव्हतं, म्हणून सरांना ती ठाऊकच नव्हती.

दार अर्धवट उघडं होतं. आतून यंत्राची घरघर आणि हसण्याचा आवाज येत होता. सर बाहेरच थांबले.

"'दुसरी बेल झालेली आहे!'" लेक घसा खरवडून बोलत होती. "'आनंद घ्यायला उशीर होतोय. रांगेत! रांगेत हसा!'"

आवाज हुबेहूब सरांचा होता. धाकटा फिदीफिदी हसत होता. मेट्रन "पुरे गं, बापाची टिंगल करू नये" असं म्हणून स्वतःच हसत होत्या. आणि बायको हसत होती, अगदी पोट धरून, खोकला येईपर्यंत. हे हसणं सरांनी शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना.

त्यांनी फटीतून बघितलं. एका बाकड्यावर चौघं दाटीवाटीने बसले होते. बायको लेकीला शर्टाची कॉलर कशी घासायची ते दाखवत होती. समोरच्या फळीवर सरांचेच शर्ट इस्त्री करून ठेवले होते. धाकटा ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, आणि एरवी त्याला हात लावू न देणारी ताई त्याच्या केसांतून बोटं फिरवत होती.

"पांढरे वेगळे, रंगीत वेगळे," मेट्रन म्हणाल्या. "हॉस्टेलवर एकत्र टाकलेस तर सगळं गुलाबी होऊन बसेल."

"दर रविवारी फोन करीन आणि विचारीन, आजी."

"रविवारीच का? रोज कर."

खोली गप्प झाली. ती शांतता, जिला टाळायला सरांनी दोनशे चौदा कार्यक्रम वापरले होते, ती आतमध्ये पसरली, आणि कुणालाही काही झालं नाही. लेकीने डोळे पुसले, बायकोने तिला जवळ ओढलं, धाकट्याने उगाच ताईचा अंगठा धरला. बस, एवढंच.

सरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांना हेवा वाटला. स्वतःच्या बायकापोरांचा हेवा वाटावा, यासारखी लाज नाही. पाच दिवस रोज हे इथे चाललं होतं, आणि ते वर बसून जहाज कसं चालतं ते लिहून घेत होते.

त्यांचा हात दाराला लागला आणि दार करकरलं. धाकटा ताडकन उठून उभा राहिला. चेहऱ्यावर तोच भाव होता जो सरांनी बोळात पकडलेल्या हजारो पोरांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"बाबा, मी आत्ता निघतच होतो! माझी दाढ…"

"बस रे," बायको म्हणाली. मग सरांकडे बघून, "तुमचं व्याख्यान?"

सर उंबऱ्याच्या बाहेरच होते. आपल्याच माणसांच्या खोलीत शिरायला त्यांना पाय उचलवेना.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

लेकीने तोंडावर हात घेतला. ती हसतेय की रडतेय ते कळेना. मेट्रननी कपड्यांची टोपली पायाने बाजूला सरकवली. "या जावईबापू. चक्कर कशी आहे?"

सर आत आले, पण बसले नाहीत. "रोज येत होता तुम्ही?"

"दुसऱ्या दिवसापासून," बायको म्हणाली. "लिफ्टमध्ये त्याने हात हलवला ना, तेव्हा माझ्याने राहवेना. खाली येऊन त्याला उचललं आणि निघाले. मग हिला, मग आईला. जागा कुठे मिळेना. शेवटी ही सापडली."

"मला का नाही बोलावलं?"

बायको हातातली कॉलर न्याहाळू लागली. मेट्रन, ज्या आयुष्यात कधी उत्तराला अडल्या नव्हत्या, त्यांनीही यंत्राकडे तोंड फिरवलं. उत्तर दिलं ते धाकट्याने, अगदी सरळपणे, गृहपाठाचं उत्तर सांगावं तसं.

"तू याचा तास केला असतास ना, बाबा."

सरांना ते झोंबलं. झोंबलं, कारण खरं होतं. त्यांना बोलावलं असतं तर दुसऱ्या दिवशी कागदावर एक नवा चौकोन आला असता: चार ते पाच, कुटुंब. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेल आणली असती.

"मी सांगणार होते," बायको हळूच म्हणाली. "रोज ठरवायचे, आज सांगू. तुम्ही रात्री इतके खूश दिसायचा. आणि मग दिवसच संपले."

"फोटोवाला सगळ्यांना वेगवेगळं काढून जोडून देतो म्हणे," सर म्हणाले. हे आपण का बोललो ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी गळ्यातली दोरी काढली, ती कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून नुसतीच हातात धरून उभे राहिले. उद्या सकाळी आठला उतरायचं होतं. त्यानंतर दहा दिवस. ते पुढे काही मोजू शकले नाहीत.

लेक बाकड्यावर थोडी सरकली. तिच्याशेजारी वीतभर जागा झाली.

"तिकडे," सर म्हणाले. "तिकडे कपडे कुठे धुणार तू?"

"माहीत नाही," लेक म्हणाली. "मला काहीच माहीत नाही, बाबा. मला भीती वाटतेय."

"मलाही," सर म्हणाले, आणि त्या वीतभर जागेत बसले.